परतीच्या बोलीवर

शनिवारी संध्याकाळी व्हिडिओ लायब्ररीतून काय आणावयाचे, हा आमच्या इंदूरच्या वाड्यात १९८८-८९ च्या सुमारास मोठ्या खलबताचा विषय असे. त्या काळी व्हीसीआर आणि तीन कॅसेटी एका रात्रीपुरत्या भाड्याने मिळत. यंत्र रिक्षात मांडीवर घेऊन वडील घरी येत आणि वाड्यातील पंधरा-वीस माणसे सतरंजीवर दाटीवाटीने बसत. दोन कॅसेटी हिंदी असत. तिसरी आजीसाठी मराठी असावी, असा वडिलांचा दंडक होता. राजवाड्याच्या अलीकडच्या ज्या दुकानातून ते कॅसेटी आणीत, तेथे मराठी चित्रपट मोजून पाच-सहा होते. आजीने ते सारे अनेकवार पाहिले होते, आणि तरीही दर वेळी ती नव्याने डोळे पुशी.

या दुकानदाराचा एक नियम कडक होता. रविवारी सकाळी दहाच्या आत यंत्र आणि कॅसेटी परत गेल्या नाहीत, तर दुसऱ्या दिवसाचे भाडे पडे. एकदा रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. आजीचा चित्रपट अर्धा राहिला. तो सकाळी पुरा करून वडील दुकानी पोहोचले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. दुकानदाराने भाडे मागितले. वडिलांनी हुज्जत घातली, पैसे दिले, आणि दुकान बदलले. नव्या दुकानात दंड नव्हता, वेळेची सक्तीही नव्हती. मात्र तेथे मराठी कॅसेट एकही नव्हती. महिन्या-दीड महिन्याने वडील मुकाट्याने जुन्या दुकानाची पायरी पुन्हा चढले.

श्रोतेहो, हा प्रसंग मी घरगुती कौतुकासाठी सांगितलेला नाही. पुढे नोकरीच्या निमित्ताने प्रताधिकाराच्या कायद्याचे थोडेफार वाचन करावे लागले, त्या ओघात अमेरिकेतील या धंद्याचा इतिहास माझ्या हाती आला. तो वाचताना पदोपदी वाटत गेले की, आमच्या वडिलांपुढे जो पेच उभा होता, तोच तेथे कोट्यवधी गिऱ्हाइकांपुढे वीस-पंचवीस वर्षे उभा होता. कोणत्या दुकानाचे सभासद व्हावे? ज्याचा दंड कमी त्याचे, की ज्याची फळी भरलेली त्याचे? तेथील लोकांनी या प्रश्नाचे उत्तर कसे दिले, आणि ते देताना नकळत आणखी कशाचा सौदा करून टाकला, ती हकीकत आज आपणांपुढे ठेवावी असा विचार आहे.

चित्रपट भाड्याने देण्याची कल्पना कॅसेटीहून पुष्कळ जुनी. प्रारंभीच्या दहा-बारा वर्षांत, कापड वारावर विकावे तशी चित्रपटाची फीत फुटावर विकली जाई. तंबू घेऊन जत्रांतून फिरणारा खेळवाला ती विकत घेई आणि तिच्या चिंध्या होईतो दाखवीत राही. १९०३ च्या सुमारास सान फ्रान्सिस्कोच्या माइल्स बंधूंनी फिती विकत घेऊन त्या खेळवाल्यांना आठवड्याच्या बोलीने भाड्याने द्यावयास आरंभ केला. गावोगावच्या लोकांना दर आठवड्यास नवा खेळ मिळू लागला आणि धंदा फोफावला. हे पाहून फ्रान्समधील पाते या बलाढ्य कंपनीने १९०७ साली आपल्या फितींची विक्रीच बंद केली. यापुढे फीत फक्त भाड्याने मिळेल, असे जाहीर केले. यातील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. माइल्स बंधू भाड्याने देत ती फीत त्यांच्या स्वतःच्या मालकीची होती. पातेच्या पद्धतीत फीत निर्मात्याचीच राहिली. दोन्हीकडे शब्द एकच, 'भाडे'. पण पहिल्या भाड्याने बाजार मोकळा झाला आणि दुसऱ्याने तो निर्मात्याच्या मुठीत गेला. चित्रगृहांच्या बाबतीत पुढे दुसरीच पद्धत रूढ झाली आणि सामान्य प्रेक्षकाचा या व्यवहाराशी संबंध उरला तो तिकिटापुरताच.

हा संबंध बदलला तो कॅसेटीने. सोनी कंपनीचे बीटामॅक्स यंत्र १९७५ साली आणि जेव्हीसीचे व्हीएचएस १९७६ साली बाजारात आले. पहिल्याच्या फितीवर आरंभी एका तासाचे चित्रण मावे, दुसऱ्याच्या फितीवर दोन तासांचे. गुणवत्तेत बीटामॅक्स सरस, हे त्या काळापासून ऐकू येत आलेले आहे. परंतु चित्रपट एका तासात संपत नाही ही अडचण गुणवत्तेहून मोठी ठरली. युनिव्हर्सल आणि डिस्ने या चित्रसंस्थांनी १९७६ सालीच सोनीवर दावा लावला. घरोघर चित्रण होऊ लागले तर आमचा धंदा बुडेल, अशी त्यांची तक्रार होती. १९८४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो दावा फेटाळला. पण तोवर निराळ्याच दिशेने पाणी वाहू लागले होते.

मिशिगन राज्यातील आंद्रे ब्ले नावाच्या व्यावसायिकाने १९७७ साली ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्सकडून पन्नास चित्रपटांचे हक्क मिळवून त्यांच्या कॅसेटी विक्रीस काढल्या. किंमत सुमारे पन्नास डॉलर, म्हणजे तेव्हाच्या मानाने जबर. त्याच वर्षाच्या अखेरीस लॉस एंजेलिसमधील जॉर्ज ॲटकिन्सन या लहानशा दुकानदाराने त्या पन्नासही चित्रपटांची एकेक बीटामॅक्स आणि एकेक व्हीएचएस प्रत विकत आणली आणि त्या भाड्याने देण्याचे ठरविले. वर्षाची वर्गणी पन्नास डॉलर, आजीव सभासदत्व शंभर डॉलर, आणि शिवाय दिवसाचे भाडे दहा डॉलर. आज हे आकडे ऐकून हसू येते. परंतु लोक आले, आणि दोन-चार वर्षांत अशी दुकाने अमेरिकेच्या गल्लीबोळांत निघाली.

ॲटकिन्सनने परवानगी कोणाची घेतली नव्हती, आणि तिची गरजही नव्हती. ती का नव्हती याचे उत्तर एका कादंबरीच्या दाव्यात सापडते. एका प्रकाशकाने आपल्या कादंबरीवर, ही एक डॉलरहून कमी किमतीस विकू नये, अशी सूचना छापली होती. न्यूयॉर्कच्या मेसी या मोठ्या दुकानाने ती खुशाल एकोणनव्वद सेंटला विकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९०८ साली निकाल लागला: प्रत एकदा विकली की त्या विशिष्ट प्रतीवरचा प्रकाशकाचा ताबा संपला. नक्कल करण्याचा हक्क त्याचाच. पण विकत घेतलेली प्रत घेणाऱ्याने पुन्हा विकावी, उसनी द्यावी, वा भाड्याने द्यावी. पुढच्याच वर्षी हे तत्त्व कायद्यात दाखल झाले. जुन्या पुस्तकांचे दुकान, सार्वजनिक वाचनालय आणि व्हिडिओ लायब्ररी ही तिन्ही तेथे याच एका खांबावर उभी आहेत.

चित्रसंस्थांना हे अर्थातच रुचले नाही. कायदा बदलून भाड्यातील वाटा आपणांस मिळावा, यासाठी १९८३-८४ च्या सुमारास त्यांनी काँग्रेसमध्ये पुष्कळ खटपट केली. दुकानदारांनी संघटना उभारून ती हाणून पाडली. गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका भाड्याने देण्यावर मात्र १९८४ साली बंदी आली, कारण ती भाड्याने नेऊन घरी नक्कल करून घेणे फार सोपे होते. चित्रपटाची प्रत मोकळी राहिली. एवढ्या एका फरकावर पुढची पंचवीस वर्षे एक अफाट धंदा चालला.

त्या धंद्याचा सम्राट म्हणजे ब्लॉकबस्टर. डेव्हिड कुक हा तेलव्यवसायाला संगणकाच्या प्रणाली पुरविणारा गृहस्थ. त्याने ऑक्टोबर १९८५ मध्ये डॅलस शहरात पहिले दुकान काढले. इतर दुकानांत कॅसेटी गल्ल्यामागे ठेवलेल्या असत. येथे त्या उघड्या फळ्यांवर हजारोंनी मांडलेल्या होत्या, आणि कोणती प्रत कोणाकडे किती दिवस आहे याची नोंद संगणक ठेवी. दोनच वर्षांत वेन हायझेंगा या धडाडीच्या भांडवलदाराने कारभार हाती घेतला आणि दुकानांचा सपाटा लावला. २००४ साली, म्हणजे ऐन भरात, ती नऊ हजारांवर गेली होती.

या नोंदवह्यांवरून आठवण झाली. १९८७ साली रॉबर्ट बोर्क यांचे नाव अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी सुचविले गेले असता, वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकाने त्यांच्या घरी कोणकोणते चित्रपट भाड्याने गेले होते, त्या १४६ नावांची यादीच मिळवून तिच्यावर लेख छापला. यादी अगदी निरुपद्रवी होती. परंतु खासदार मंडळी दचकली, आणि पुढच्याच वर्षी व्हिडिओ दुकानाने गिऱ्हाइकाच्या नोंदी उघड करू नयेत असा कायदा झाला. लोकप्रतिनिधींनी इतक्या तातडीने केलेले कायदे फार थोडे असतील. त्यांचीही खाती कोठल्या ना कोठल्या दुकानात असणारच!

ब्लॉकबस्टरच्या भरभराटीला दोन काळ्या बाजू होत्या. पहिली फळीची. प्रौढांसाठीचे चित्रपट आपल्या दुकानात ठेवावयाचे नाहीत, असे धोरण कंपनीने आखले होते, आणि त्यात कुटुंबवत्सल गिऱ्हाइकांचा संतोष होता. पण त्याच धोरणाच्या टोकाला मार्टिन स्कॉर्सेसी यांचा १९८८ चा ख्रिस्तचरित्रावरील चित्रपटही फळीवर आला नाही. गावात दुसरे दुकान उरले नसेल, तर असे धोरण म्हणजे एक बिनसरकारी सेन्सॉरच होय. शिवाय नव्या गाजलेल्या चित्रपटाच्या चाळीस प्रती आणि जुन्या कृष्णधवल चित्रपटाची एकही नाही, अशी फळीची रचना असे. ज्याच्या प्रती अधिक फिरतात त्यास जागा, हा साधा हिशेब त्यामागे होता. आमच्या आजीसारख्या गिऱ्हाइकाला त्या हिशेबात स्थान नव्हते.

दुसरी बाजू दंडाची. मुदतीत न परतलेल्या प्रतीवर विलंब-आकार बसे. २००० साली या एका बाबीखाली कंपनीस सुमारे ८० कोटी डॉलर मिळाले. एकंदर उत्पन्नाच्या जवळजवळ सहावा हिस्सा. शासकीय कामकाजात दंडाची रक्कम ही शिस्तीसाठी असते, अंदाजपत्रकाच्या भरतीसाठी नसते, असे आम्हांस प्रारंभीच शिकवितात. (ते नेहमी पाळले जाते असे मी म्हणत नाही.) ज्या धंद्याचा सहावा हिस्सा गिऱ्हाइकाच्या विसरभोळेपणावर उभा असतो, त्या धंद्याला गिऱ्हाइकाने वेळेवर यावे असे मनापासून वाटणे अवघड आहे. लोकांना हे कळत होते, आणि ते चडफडत होते.

या चडफडीवर नेटफ्लिक्स उभी राहिली. रीड हेस्टिंग्ज आणि मार्क रँडॉल्फ यांनी १९९७ साली कॅलिफोर्नियातील स्कॉट्स व्हॅली या गावी ती स्थापन केली. हेस्टिंग्ज यांना एका चित्रपटावर चाळीस डॉलरचा दंड पडला आणि त्या संतापातून कंपनी जन्मली, ही आख्यायिका आपणांपैकी अनेकांनी ऐकली असेल. रँडॉल्फ यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे की, ती गोष्ट कंपनीचे तत्त्व समजावून देण्यापुरती सोयीची. जन्मकथा म्हणून ती खरी मानू नये. खरे कारण अधिक नीरस आणि अधिक रंजक आहे. त्याच वर्षी डीव्हीडी नावाची नवी तबकडी अमेरिकेत आली होती. जाडजूड कॅसेट टपालाने पाठविणे परवडत नसे. ही पातळ तबकडी मात्र साध्या पाकिटात घालून, पत्राच्या दराने, कोठेही धाडता येत होती. विकत घेतलेली प्रत हवी तशी भाड्याने देता येते हा कायदा, आणि सरकारी टपालखाते, या दोहोंच्या संगमावर ही कंपनी निघाली. एप्रिल १९९८ मध्ये तिचे संकेतस्थळ सुरू झाले तेव्हा तिच्याकडे हजाराच्या आतच चित्रपट होते.

प्रारंभी तिनेही मुदत आणि दंड ठेवलाच होता. १९९९ च्या सप्टेंबरात मासिक वर्गणीची पद्धत आली आणि लवकरच तीच एकमेव झाली. महिन्याला सुमारे वीस डॉलर द्यावेत. संकेतस्थळावर हव्या त्या चित्रपटांची क्रमवार यादी करून ठेवावी. एका वेळी तीन तबकड्या घरी येतील. त्या पाहिजे तितके दिवस ठेवाव्यात. एक परत केली की यादीतील पुढची निघेल. दंड नाही. विचार केला तर दंड येथेही होताच, फक्त त्याचे तोंड फिरविलेले होते. तबकडी महिनाभर घरी पडून राहिली तर वर्गणी वाया जाई. पण माणूस वाया गेलेल्या वर्गणीसाठी स्वतःला बोल लावतो आणि दंडासाठी दुकानदाराला. मनुष्यस्वभावाचे हे वर्म त्या दोघांनी अचूक ओळखले.

टपालाच्या दुकानाचा खरा गुण मात्र दंडमाफी नव्हता. गल्लीतल्या दुकानाला आपल्या गल्लीत खपेल तेच ठेवावे लागते. टपालाने चालणाऱ्या दुकानाची गल्ली म्हणजे सारा देश. एखादा जुना जपानी चित्रपट पाहू इच्छिणारा एका गावात एकच असेल, परंतु पन्नास राज्यांत मिळून असे काही हजार निघतात, आणि त्यांच्यासाठी थोड्या प्रती घेऊन ठेवणे परवडते. पुढे कंपनीच्या तबकड्यांच्या सूचीत एक लाखाहून अधिक नावे झाली. सत्यजित राय यांचे चित्रपट नेब्रास्कातील शेतकऱ्याच्या टपालपेटीत पडू शकत होते. चित्रपटाच्या शंभर वर्षांच्या इतिहासात सामान्य माणसाला इतकी मोठी फळी यापूर्वी कधी खुली झाली नव्हती.

तरीही या दुकानाच्या वहीत एक कलम गिऱ्हाइकाला दिसत नव्हते. 'हवे तितके चित्रपट' असे जाहिरातीत म्हटलेले असे. काही चिकाटीचे सभासद तबकडी आल्या रात्रीच पाहून दुसऱ्या दिवशी परत करीत आणि महिन्याला पंधरा-वीस चित्रपट पाहून टाकीत. त्यांच्या असे ध्यानात आले की, आपल्या यादीतील नवे चित्रपट आपल्याला उशिरा मिळतात आणि पाकिटे रेंगाळतात. सान फ्रान्सिस्कोतील एका सभासदाने २००४ साली दावा लावला. त्यानंतर कंपनीने आपल्या अटींमध्ये स्पष्ट लिहिले की, जे सभासद कमी चित्रपट मागवितात त्यांस पाठवणीत अग्रक्रम दिला जातो. म्हणजे जो सर्वांत हौशी रसिक, तोच रांगेत शेवटी! आमच्या कचेरीत काही अर्ज ढिगाच्या तळाशीच राहतात, त्याची मला आठवण झाली. मात्र त्यामागे इतके गणित असते असे वाटत नाही.

या सुमारास गिऱ्हाइकांची खरीखुरी चंगळ झाली. हेस्टिंग्ज आणि रँडॉल्फ यांनी पुढे सांगितलेल्या हकीकतीप्रमाणे, २००० साली ते डॅलसला जाऊन पाच कोटी डॉलरला आपली कंपनी ब्लॉकबस्टरला देऊ करीत होते. ती घेतली गेली नाही. चार वर्षांनी ब्लॉकबस्टरने स्वतःच टपालसेवा काढली आणि वर्गणीची चढाओढ लागली. वॉलमार्टनेही या खेळात हात घालून पाहिला आणि २००५ साली आपले सभासद नेटफ्लिक्सकडे सोपवून अंग काढून घेतले. त्याच वर्षीच्या पहिल्या दिवसापासून ब्लॉकबस्टरने 'आता दंड नाही' अशी मोठी दवंडी पिटली. बारीक अक्षरांत असे होते की, मुदतीनंतर सात दिवसांत प्रत परत आली नाही तर ती तुम्ही विकत घेतली असे समजून किंमत लावली जाईल. महिन्याच्या आत परत केल्यास किंमत माफ, पण प्रत पुन्हा फळीवर ठेवण्याचा सव्वा डॉलर द्यावा लागेल. सत्तेचाळीस राज्यांच्या महान्यायवाद्यांनी जाब विचारला, तेव्हा मार्चमध्ये कंपनीस तडजोड करून पैसे परत करण्याची सोय करावी लागली. दंडाला दुसरे नाव दिले की दंड जातो, हा भ्रम केवळ सरकारी परिपत्रकांपुरता नाही, हे पाहून मला किंचित बरे वाटले.

२००६ च्या नोव्हेंबरात मात्र ब्लॉकबस्टरने खरोखरच अप्रतिम योजना आणली. टपालाने आलेली तबकडी गल्लीतल्या दुकानात परत करावी आणि त्याच पावली दुसरी फुकट न्यावी. टपालाची विशाल सूची आणि फळीसमोर उभे राहून निवडण्याचे सुख, दोन्ही एका वर्गणीत. इतिहासातून एकच दुकान निवडण्यास मला कोणी सांगितले, तर मी या योजनेचा सभासद होईन. अडचण एवढीच की प्रत्येक फुकट तबकडीमागे कंपनीस तोटा होत होता. भागधारकांत आणि चालकांत बेबनाव झाला, २००७ साली प्रमुख जॉन अँटिओको गेले, योजना आवळली गेली, आणि २३ सप्टेंबर २०१० रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१९ च्या मार्चनंतर त्या नावाचे जगात एकच दुकान राहिले, ऑरेगन राज्यातील बेंड गावी.

येथवरची गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते, आणि बहुधा ती येथेच संपविली जाते: जुने गर्विष्ठ दुकान बुडाले, नवे हुशार दुकान जिंकले. माझ्या मते महत्त्वाची घटना या रणधुमाळीच्या आडोशाला, एका लाल रंगाच्या यंत्रापाशी घडली.

रेडबॉक्स नावाची ही यंत्रे किराणा दुकानांच्या दारात उभी असत. एका रात्रीस एक डॉलर टाकावा आणि तबकडी घ्यावी. गरिबांची ही लायब्ररी इतकी चालली की चित्रसंस्था धास्तावल्या. कारण एक डॉलरमध्ये नवा चित्रपट मिळत असता तबकडी विकत कोण घेणार? युनिव्हर्सल, फॉक्स आणि वॉर्नर यांनी नवे चित्रपट रेडबॉक्सला देण्याचे अडविले. विक्री सुरू झाल्यावर कित्येक आठवडे तिने थांबावे असा आग्रह धरला. रेडबॉक्सने कोर्टात दावे लावले, आणि दरम्यान अगदी साधा मार्ग पत्करला. तिची माणसे वॉलमार्टसारख्या दुकानांत जाऊन इतर गिऱ्हाइकांप्रमाणे पैसे मोजून तबकड्या विकत घेत आणि यंत्रांत भरीत. हे कोणी थांबवू शकत नव्हते. १९०८ सालचा कादंबरीवरील निकाल शंभर वर्षांनंतरही ढालीसारखा उभा होता.

नेटफ्लिक्सलाही हीच ढाल होती. तिने ती खाली ठेवली. जानेवारी २०१० मध्ये तिने वॉर्नरशी करार करून, नवे चित्रपट विक्रीनंतर २८ दिवस सभासदांना पाठविणार नाही असे मान्य केले. बदल्यात तिला तबकड्या स्वस्त मिळाल्या, आणि इंटरनेटवरून घरच्या पडद्यावर दाखविण्यासाठी आणखी काही चित्रपटांचे परवाने मिळाले. तीन वर्षांपूर्वी, २००७ साली, ही स्ट्रीमिंगची सोय तिने वर्गणीतच फुकट जोडली होती. पुढच्याच महिन्यात रेडबॉक्सनेही वॉर्नरची २८ दिवसांची अट पत्करली. गिऱ्हाइकांतून फारसा ओरडा झाला नाही. चार आठवडे थांबावयाचे, त्यात काय मोठेसे? घरबसल्या कळ दाबली की चित्रपट सुरू होतो, पाकीट नाही, परत करणे नाही, दंड तर नाहीच नाही.

पण स्ट्रीमिंगमध्ये प्रत नसते. प्रत नाही, म्हणून विक्री नाही; विक्री नाही, म्हणून १९०८ चा निकाल नाही. प्रत्येक चित्रपट निर्मात्याच्या परवान्याने, ठराविक मुदतीपुरता, दाखवावयाचा. पातेने १९०७ साली चित्रगृहांना जे सांगितले होते, तेच आता प्रत्येक घराला सांगितले गेले. फरक असा की, त्या वेळी खेळवाले आरडाओरडा करीत होते आणि या वेळी गिऱ्हाईक खूश होते. परिणाम दिसावयास वेळ लागला नाही. २००८ साली स्टार्झ या वाहिनीशी झालेल्या करारामुळे नेटफ्लिक्सच्या पडद्यावर सुमारे अडीच हजार चित्रपट आले होते. तो करार फेब्रुवारी २०१२ अखेर संपला, आणि ते चित्रपट पडद्यावरून निघून गेले. त्यांपैकी ज्यांच्या तबकड्या कोठारात होत्या, त्या मात्र लाल पाकिटांतून पूर्ववत जात राहिल्या. कारण त्या विकत घेतलेल्या होत्या. दंड भरण्याची पाळी पूर्वी गिऱ्हाइकावर येई. आता चित्रपटालाच परतीची मुदत लागली होती, आणि ती गिऱ्हाइकाला माहीत नसे.

आपल्या देशात हा खांब कधी उभाच राहिला नाही, हे येथे सांगितले पाहिजे. १९८२ च्या एशियाडच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आणि व्हीसीआर घराघरांत शिरले, त्यापाठोपाठ चोरट्या कॅसेटींचा सुळसुळाट झाला, आणि १९८४ साली १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमात दुरुस्ती करून कॅसेटीच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव-पत्ता आणि परवानगीचा निर्देश असणे बंधनकारक केले गेले. आमच्या इंदूरच्या लायब्ररीतील कॅसेटींवर असला काही मजकूर पाहिल्याचे मला स्मरत नाही. १९९४ च्या दुरुस्तीने तर निःसंदिग्ध शब्दांत लिहिले की, चित्रपटाची प्रत पूर्वी विकली गेलेली असो वा नसो, ती भाड्याने देण्याचा अधिकार प्रताधिकारधारकाचाच. २०१२ साली 'भाडे' या जागी 'व्यापारी भाडे' आले, पण अधिकार तेथेच राहिला. एखाद्या भारतीय ॲटकिन्सनने बाजारातून रीतसर कॅसेटी विकत आणून बिनपरवाना लायब्ररी काढली असती, तर तो आपल्या कायद्याने गुन्हेगार ठरला असता. टपालाने तबकड्या पाठविणाऱ्या सेव्हंटीएमएम, बिगफ्लिक्स अशा संस्था आपल्याकडेही निघाल्या, त्यांनी महानगरांत काही काळ चांगली सेवा दिली आणि त्या मावळल्या. नेटफ्लिक्स भारतात आली ती जानेवारी २०१६ मध्ये, स्ट्रीमिंगचे रूप घेऊन. लाल पाकीट आपण पाहिलेच नाही.

माझी आजी १९९३ साली गेली. तिच्या त्या पाच-सहा चित्रपटांपैकी दोन मला अलीकडे दिल्लीच्या मुक्कामात एका वर्गणीच्या सेवेवर सापडले. घरच्या मुलांना दाखवावेत म्हणून मी ते यादीत खूण करून ठेवले. दिवाळीच्या सुटीत पाहू गेलो, तो त्यांतील एक नाहीसा झालेला होता. कोणाशी हुज्जत घालावी, हे कळेना. वडिलांच्या वेळी निदान समोर गल्ला आणि गल्ल्यामागे एक माणूस होता.

अमेरिकेतील नेटफ्लिक्सची तबकडीसेवा त्यानंतरही दशकभर मागील दाराने चालू राहिली. तिचे सभासद ऐन भरात दोन कोटींच्या घरात होते. ते दर वर्षी घटत गेले, तशी पाठवणीची केंद्रे एकेक करून मिटली. पंचवीस वर्षांत ५२० कोटी तबकड्या टपालाने पाठवून ही सेवा २९ सप्टेंबर २०२३ रोजी बंद झाली. निरोपादाखल शेवटच्या पाठवणीत, सभासदांची इच्छा असल्यास, त्यांच्या यादीतील दहापर्यंत जास्तीच्या तबकड्या धाडण्यात आल्या. आणि हातात असलेल्या प्रती परत करण्याची आवश्यकता नाही, त्या ज्याच्या त्याने ठेवून घ्याव्यात, असे कंपनीने कळविले.